बी तेवीसमधलं घर

आमच्या घराण्याची बंगळुरात बावीस घरं आहेत आणि कुलदेवीचा मुखवटा एकच आहे. पितळेचा, वीतभर उंच, नाकापाशी झिजून गुळगुळीत झालेला. तो दर वर्षी एका घरी राहतो. नवरात्राच्या आदल्या दिवशी जुन्या घरातून निघून नव्या घरी जातो, आणि नऊ दिवस सगळी बावीस घरं तिथं जेवायला येतात. पुढं वर्षभर त्या घरानं सकाळ-संध्याकाळ दिवा लावायचा. याला आमच्यात ‘वर्ष येणं’ म्हणतात. एकदा वर्ष येऊन गेलं की पुढचं बावीस वर्षांनी. एका माणसाच्या हातून ते दोनदा होतं, फार तर तीनदा.

घरांचा क्रम अण्णांच्या वहीत असायचा. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे सगळ्यांत थोरले चुलत भाऊ. क्रम सरळ नव्हता. कुणाकडे सुतक आलं, कुणी घर पाडून बांधायला काढलं, की त्यांचं वर्ष दुसऱ्या घराशी बदलायचं. अशा बदलाबदल्या बरीच वर्षं होत आल्या होत्या आणि वहीत नावांपेक्षा बाण जास्त झाले होते. बाकीच्यांनी लक्षात ठेवणं सोडून दिलं होतं. पाडव्याला, ज्याला आमच्याकडे सगळे उगादीच म्हणतात, सगळे अण्णांकडे जमायचे. अण्णा येत्या नवरात्राचं घर वाचायचे आणि त्या घरच्या बाईच्या हातात नारळ द्यायचे. नारळ दिला की ठरलं. तो नारळ घरी देवापुढं ठेवायचा आणि घटस्थापनेला फोडायचा.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं.

“तू म्हणे दिवसभर कंप्यूटरवर याद्याच करतेस?”

मी हो म्हणाले. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत कुणाचं कोणतं ट्रेनिंग झालं, कुणाचं राहिलं, याच्या याद्या सांभाळणं हे माझं काम आहे.

“मग ही पण घे,” म्हणून त्यांनी वही पुढं केली.

घराण्यात माझ्यापेक्षा हुशार मुलं बरीच आहेत. मला बोलावलं ते मी कुठं काही बोलत नाही म्हणून, असा माझा अंदाज आहे. वही मला भराभर वाचता येईना. शाळा इंग्रजी, मराठी फक्त घरात, तेही बोलण्यापुरतं. अण्णांची अक्षरं मला सोडवावी लागत होती. शेवटी तेच वाचत गेले आणि मी टाइप करत गेले.

फाइलमध्ये दोन शीट केली. पहिलीचं नाव ‘हाउसेस’. वहीच्या पानांच्या क्रमानं घरं घातली: बी कॉलममध्ये घराचं नाव, मग भाग, फोन नंबर, जेवायला माणसं किती, कांदा न खाणारे किती. दुसरीचं नाव ‘इयर्स’. तिथं डावीकडे पुढची बावीस वर्षं आणि प्रत्येक वर्षासमोर घर. इथं मी घरांची नावं परत लिहिली नाहीत. पहिल्या शीटमधून ओढून आणली. असा फॉर्म्युला अगदी छोटा असतो. बरोबरचं चिन्ह, शीटचं नाव, उद्गारचिन्ह, आणि सेलचा पत्ता. उद्गारचिन्ह आश्चर्य दाखवायला असतं असं शाळेत शिकवलं होतं. इथं त्याचा अर्थ ‘यांच्याकडचं’ एवढाच होतो. हाउसेसकडचं बी तेवीस, हाउसेसकडचं बी नऊ. बाण बघून कोणतं वर्ष कोणत्या ओळीचं ते अण्णा सांगायचे आणि मी पत्ता लिहायचे. बावीस फॉर्म्युले हातानं लिहिले.

मग तपासलं. मध्ये एक रिकामी ओळ घातली. सगळे पत्ते आपोआप एकानं पुढं सरकले. एका घराचं नाव उचलून दुसरीकडे ठेवलं. फॉर्म्युला त्याच्या मागं गेला. एका नावाचं स्पेलिंग बदललं, ते दुसऱ्या शीटवरही बदललं. फॉर्म्युल्यानं माणसाला धरून ठेवलंय, ते कुठंही गेलं तरी सुटणार नाही, असं मला वाटलं. मला माझं काम आवडलं होतं. तसं मी कुणाला सांगितलं नाही.

बी तेवीस ही शेवटची ओळ होती, कारण वहीतलं शेवटचं पान अक्काचं होतं.

अक्का माझ्या वडिलांची चुलत बहीण. वडील अक्का म्हणतात म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाली. लग्न केलं नाही. बनशंकरीत आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर तिचं दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे. सात वर्षांपूर्वीपर्यंत घराण्यात घरं एकवीस होती, कारण घर म्हणजे मुलाचं घर. अक्कानं अण्णांना एक पानाचं पत्र लिहिलं की माझंही घर मोजावं. त्यावर बैठक झाली. मी कोपऱ्यात बसून चिवड्याच्या बशा भरत होते. कुणीतरी म्हणालं, “एकट्या बाईच्या घरी नऊ दिवस एवढी माणसं जेवणार कशी?”

अक्का म्हणाली, “मी पंचावन्न मुलींचा वर्ग सांभाळलाय. तुम्ही निदान ताटावर गप्प बसता.”

सगळे हसले आणि तिचं घर बाविसावं झालं. सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून ती थांबली होती. आता ती शहात्तर वर्षांची आहे.

यंदा पाडव्याच्या आठवडाभर आधी अण्णांचा फोन आला. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होते. पाडव्याची आमंत्रणं द्यायला ते स्वतः जातात, मुलगा गाडी चालवतो.

“तुझी यादी घेऊन निघालो की एकदा बसवनगुडी, मग शिवाजीनगर, परत बसवनगुडी. मुलगा ओरडतोय. एरियाप्रमाणं लाव की. स्वल्प सोपं होतंय.”

मी लॅपटॉप उघडला, हाउसेसमध्ये भागाच्या कॉलमवर क्लिक केलं आणि ए ते झेड सॉर्ट केलं. बनशंकरी सगळ्यांत वर आली, शिवाजीनगर सगळ्यांत खाली गेलं. ती यादी अण्णांना पाठवली. त्याच वेळी पाडव्याला वाचायला इयर्सची मोठ्या अक्षरांतली प्रतही पाठवून दिली. एक मिनिट लागलं असेल. “सरी, बरं झालं. शहाणी पोर,” असं उत्तर आलं. मी उरलेला भात संपवला.

पाडव्याला अण्णांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. थोडे थांबले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून नीट दिसत नसेल, असं मला वाटलं. मग त्यांनी शिवाजीनगरच्या घराचं नाव वाचलं.

“आमचं?” शिवाजीनगरची काकू जवळजवळ ओरडलीच. “अजून नऊ वर्षं आहेत असं धरून बसले होते मी!”

“देवीला घाई झाली असेल,” कुणीतरी म्हणालं.

“बदलाबदली असेल की. घे नारळ,” दुसरं कुणी म्हणालं.

काकूनं नारळ घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का खिडकीशी होळिगेची, म्हणजे पुरणपोळीची, बशी घेऊन बसली होती. तिनं बशी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, दोन-तीनदा, आणि परत बशी उचलली. थोड्या वेळानं ती दारात चपला शोधत होती. त्या तिच्या समोरच होत्या. मी बोट दाखवलं.

“हं. इथंच होत्या,” ती म्हणाली.

अक्काचं वर्ष जवळ आलंय एवढं मला माहीत होतं. ते कोणतं, हे लक्षात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वर्षांसमोर मी नावं लिहिली नव्हती, पत्ते लिहिले होते.

श्रावणात आईनं अक्कासाठी चकल्या दिल्या. मी डबा घेऊन गेले. अक्का दार उघडून परत आत गेली, चहा ठेवायला. बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्याला नवा रंग दिला होता, फक्त तेवढ्याच कोपऱ्याला, फिका हिरवा. तिथं जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. साडीचं टोक सरकलं होतं आणि आतून चौरंगाचा कोरलेला पाय दिसत होता. शेजारी स्टीलची ताटं एकावर एक रचलेली. वरच्या ताटावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं.

मी बघते आहे हे तिनं बघितलं.

“चौरंग शिवाजीनगरातून करून घेतला,” ती म्हणाली. “गल्लीत एक म्हातारा सुतार आहे. पाडव्याच्या आधीच सांगून ठेवला होता. परत थोडाच घेतोय तो.”

“कशासाठी?” मी विचारलं. विचारल्यावर कळलं कशासाठी ते.

“मला वाटलं होतं यंदा माझं वर्ष आहे. मी आपली मोजत होते. प्रत्येक बदल लिहून ठेवलाय.” तिनं कॅलेंडरमागून एक कागद काढला. चौकटींचा कागद, पेन्सिलीनं आखलेला, प्रत्येक वर्षाला एक चौकट. “तीनदा मोजलं. तीनदा तेच येतंय. मग म्हटलं, आपल्याला न सांगता बदलाबदली झाली असेल.”

“अण्णांना विचारलं नाहीत?”

“एकदा विचारलं होतं ना, पत्र लिहून. दर वेळी आपणच काय विचारायचं?” ती म्हणाली. “साखर कमी आहे, चालेल?”

मी चालेल म्हणाले.

घरी येऊन फाइल उघडली. यंदाच्या वर्षासमोरच्या सेलवर क्लिक केलं. वर पट्टीत फॉर्म्युला दिसला: हाउसेसकडचं बी तेवीस. पहिल्या शीटवर जाऊन बी तेवीस बघितलं. तिथं शिवाजीनगर. अक्का दुसऱ्या ओळीत, शीर्षकांच्या लगेच खाली. मेलमध्ये दोन वर्षांपूर्वीची जुनी प्रत होती, तीही उघडली. तिच्यात बी तेवीसमध्ये अक्का होती.

सॉर्ट केल्यावर ओळी हलतात, पण दुसऱ्या शीटवरून त्यांच्याकडे बघणारे पत्ते हलत नाहीत. फॉर्म्युला जिथं बघत होता तिथंच बघत राहिला, आणि त्याच्यासमोर दुसरं कुणी येऊन बसलं. कुठंही लाल खूण नाही, काही नाही. बावीसच्या बावीस वर्षं वेगळ्याच घरांकडे गेली होती. अक्काचं वर्ष चौदा वर्षांनी येत होतं.

मी लगेच कुणाला सांगितलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. बदलाबदली आमच्यात नेहमीची. बाकीची वर्षं दुरुस्त करायची, अक्काला पुढच्या वर्षी घालायचं, पुढच्या पाडव्याला अण्णा ते वाचतील आणि कुणी काही विचारणार नाही. मी तसं करूनही बघितलं. छान दिसत होतं. सेव्ह न करता बंद केलं. पुढचे सहा-सात दिवस मी ऑफिसला गेले आणि आले. उड्डाणपुलावरून बस जाताना खालच्या गच्च्या दिसतात, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. मी टाक्या मोजत होते. पुढच्या वर्षी अक्का सत्त्याहत्तर, हे गणित मध्येमध्ये आपोआप व्हायचं.

मग शनिवारी ती भाजीच्या गाडीपाशी भेटली.

“बरी भेटलीस,” ती म्हणाली. “त्या शिवाजीनगरवालीला विचार, ताटं लागतील का. माझ्याकडं पंचवीस आहेत, कोरी. चौरंग पण नेऊ दे. नाहीतरी ठेवून काय करू?”

मी बरं म्हणाले आणि तिथूनच अण्णांकडे गेले.

अण्णा आरामखुर्चीत बसून डोळ्यांत औषध घालून घेत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सॉर्ट म्हणजे काय हे सांगताना मी ‘एरियाप्रमाणं लावलं’ असं म्हणाले, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

“म्हणजे मी सांगितलं म्हणून झालं?”

“नाही. मी फॉर्म्युला चुकीचा लिहिला म्हणून.”

त्यांनी तो डोळा परत मिटला. मग म्हणाले, “मला माहीत होतं.”

“काय?”

“पाडव्याला. कागदावर नाव बघितलं आणि मला वाटलं, अक्काचं पाहिजे होतं की हे. चाळीस वर्षं वही सांभाळलीये मी. पण म्हटलं, तुम्ही मुलांनी काहीतरी नवीन पद्धत काढली असेल, मला कळली नसेल. सगळ्यांसमोर कुठं विचारायचं.” त्यांनी डोळा पुसला. “नारळ दिलाय आता.”

“हो.”

“दिलेला नारळ कधी परत मागितला नाही आपण.”

“अक्कानं ताटं घेऊन ठेवलीयेत,” मी म्हणाले. “पंचवीस.”

अण्णा खुर्चीतून उठले. मुलाला गाडी काढायला सांगितलं आणि कपाटातून जुनी वही घेतली.

शिवाजीनगरची काकू बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर राहते. खाली वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळे तिच्याकडे सगळेच जरा मोठ्यानं बोलतात. जिन्यापासून आतपर्यंत सगळं घर पिवळंधमक होतं.

“अण्णा तुम्ही? आणि ही पण? बस की गं, दारात काय उभी राहतेस. काय झालं? कुणी गेलं का?”

“कुणी गेलं नाही,” अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा खाली मशिन सुरू होतं. वर्ष अक्काचं होतं, चूक माझी होती. काकूनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला.

“आणि हे आत्ता सांगतेस? घरभर रंग देऊन झाल्यावर? हा काय खरवडून काढू आता?”

“पिवळा चांगला दिसतोय,” अण्णा म्हणाले.

“चांगला दिसतोय म्हणे. डोकं दुखतंय माझं याच्यानं. देवीसाठी म्हणून सोसत होते.” ती उठली, आत गेली, परत आली. “मला तरी वाटलंच होतं. नऊ वर्षं आधी कुठलं येतंय आपलं वर्ष. मी सगळ्यांना सांगत सुटले, देवीला आमची आठवण झाली म्हणून. आता तोंड कुठं दाखवू?”

अण्णांनी वही मांडीवर ठेवली होती, पण ती उघडली नाही.

“अक्का काय म्हणाली?” काकूनं विचारलं.

“काही नाही. ताटं लागतील का विचार म्हणाली तुम्हाला. नवीन आहेत. आणि चौरंग.”

काकू खाली बसली. खालचं मशिन थांबलं होतं.

“मला द्यायला निघाली होती?” ती म्हणाली. मग बराच वेळ बांगड्या मागं-पुढं करत राहिली. “ऐक. नारळ नेऊ शकतेस. पण एक आहे. नारळ परत गेला म्हटलं की लोक काय बोलतील माहीत आहे ना? यांच्याकडं काहीतरी शिवाशिव झाली, काहीतरी लपवलं, म्हणून देवीनं घर सोडलं. तेव्हा ग्रुपवर लिहायचं, कुणाची चूक ते. तू लिहायचं. अण्णांनी नाही. आणि मराठीत. इंग्रजीत लिहिलंस तर माझी जाऊ वाचणार पण नाही.”

घराण्याच्या ग्रुपवर मी चार वर्षं आहे. तोपर्यंत एक अक्षर लिहिलं नव्हतं. वाढदिवसालाही आई दोघींतर्फे लिहायची. मी काकूच्या पिवळ्या खोलीत बसूनच लिहिलं. नऊ ओळींना पाऊण तास लागला. फोन मधेच भलते शब्द सुचवत होता. काकू दोनदा डोकावून गेली. मी लिहिलं की यादी मी केली होती, नावांच्या जागी फक्त ओळींचे नंबर घेतले होते, ओळी हलवल्यावर वर्षं बदलली, आणि ते मी तपासलं नाही. यंदाचं वर्ष अक्काचं आहे. शिवाजीनगरच्या काकूंनी नारळ स्वतःहून दिला आहे. दुसऱ्या कुणाचीही चूक नाही.

पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. उत्तरं येत राहिली, तो टेबलावर थरथरत होता. नंतर वाचली. ‘म्हणजे कंप्यूटर पण चुकतो तर.’ ‘मग आमचं वर्ष कधी आता?’ ‘अरे, ही पोरगी बोलते!’ कुणी तिघांनी नुसते हात जोडले होते. काकूनं सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं: ‘माझा पिवळा रंग फुकट गेला, ज्याला बघायचाय त्याने येऊन जावे.’

तिनं नारळ देव्हाऱ्यातून काढून खणात बांधून दिला. “तूच ने. हलवू नको फार.” पाच महिन्यांत नारळ वाळला होता. गाडी खड्ड्यातून गेली की आतला गोटा सुटून वाजायचा. अण्णा पुढं बसले होते. प्रत्येक वेळी ते मागं वळून बघायचे.

बनशंकरीत मला सोडून ते घरी गेले. म्हणाले, “आधी तू जा. मी उद्या येतो.”

अक्कानं मेसेज वाचला होता. दारात उभी होती.

“नारळ खाली ठेवू नको,” एवढंच म्हणाली. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, कानाशी नेऊन हलवला, आणि हिरव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिथं थोडा वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग ती वळली आणि चष्मा घातला.

“पायरी दाखव.”

“काय?”

“कुठं चुकलं ती पायरी. नुसतं चुकलं म्हणून लिहिलंयस ग्रुपवर.”

मी लॅपटॉप उघडून जुनी प्रत दाखवली. बी तेवीस, अक्का. मग तिच्यासमोर सॉर्ट केलं. तिचं नाव वर गेलं आणि काकूचं घर तिच्या जागी आलं. ती म्हणाली, परत कर. मी परत केलं. तिनं तीनदा करायला लावलं.

“म्हणजे तू माझं नाव धरलंच नव्हतंस. मी कुठल्या बाकावर बसते तेवढं लिहिलंस.”

“हो.”

“मी नवीन असताना असंच केलं होतं. पहिल्या दिवशी बाकांप्रमाणं नावं लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी मुली जागा बदलून बसल्या. आठवडाभर मी एकीला दुसरीच्याच नावानं हाक मारत होते. आणि त्या ‘येस मिस’ म्हणायच्या, गाढवं.”

“मग काय केलंत?”

“रोल नंबर. बाक कुठलाही असू दे, नंबर मुलीचा.”

तिथंच बसून मी प्रत्येक घराला नंबर दिला आणि इयर्समधले बावीस फॉर्म्युले नव्यानं लिहिले. आता ते नंबर घेतात, हाउसेसमध्ये जाऊन तो नंबर शोधतात आणि त्याच्यासमोरचं घर आणतात. अक्कानं मला भागाप्रमाणे, फोनप्रमाणे, कांदा न खाणाऱ्यांप्रमाणे सॉर्ट करायला लावलं. यंदाच्या वर्षासमोर प्रत्येक वेळी तीच राहिली. तिनं कॅलेंडरमागचा कागद काढून बावीसही वर्षं ताडून बघितली.

“मला बावीस नंबर चालेल,” ती म्हणाली. “शेवटचा बरा असतो. मिस तिथपर्यंत येईपर्यंत तास संपतो.”

मग ती ताटं घेऊन आली. एका पातेल्यात गरम पाणी आणलं आणि आम्ही स्टिकरं काढायला बसलो. ती नखानं काढत होती, मी चमच्यानं.

“आणि मी गेल्यावर माझ्या ओळीचं काय होणार?” तिनं विचारलं. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

“ओळ काढून टाकली तर तिथं एरर येईल. त्या वर्षासमोर.”

“येणारच का?”

“हो. तो नंबर शोधायला जाईल आणि सापडणार नाही.”

“तो पुसता येतो?”

“येतो. पण आपोआप जात नाही. कुणीतरी बसून ठरवावं लागेल, त्या जागी कुणाला घालायचं ते.”

अक्कानं ताट उजेडात तिरकं धरून बघितलं. बावीस वर्षांनंतरचं गणित तिनं केलंच असणार. मीही केलं. ते ठरवायच्या बैठकीला मी कोणत्या घरातून जाईन, वडिलांच्या की स्वतःच्या, ते मला माहीत नाही.

“बरंय मग,” ती म्हणाली. “बसू देत एकदा सगळ्यांना. चिवडा कर म्हणावं भरपूर.”

सतरा ताटं झाली होती. तिनं अठरावं माझ्याकडे सरकवलं.

“हे नीट घास. गोंद राहिला तर जेवताना हाताला लागतो.”